पहिला प्रश्न गावाचा

आये, मुलुंडच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत. सून ऑफिसात आहे, नात क्लासला गेली आहे, आणि खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या काढतोय. समोर दोन वस्तू आहेत. एक म्हणजे आपल्या व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेचा नमुना. उद्या सकाळी तो छापायला जायचा आहे आणि त्यातल्या 'स्थळ' या शब्दापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे. दुसरी आपली प्रश्नवही, तांबड्या कापडी पाठीची, कोपरे उंदरांनी कुरतडलेली. तू गेल्याला अकरा वर्षं झाली. तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला ते वाचून दाखवायला कुणीतरी लागायचं आणि त्या वाचणाऱ्याच्या तोंडून माझं मन तुझ्यापर्यंत जावं हे मला नको वाटायचं. आता वाचून दाखवणारं कुणी लागत नाही.

आपल्या गावाला व्याख्यानमाला आहे हे सांगितलं की ऑफिसातले लोक हसायचे. मुंबईच्या कोर्टात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा शिमग्याआधी रजेचा अर्ज दिला, त्यात कारण लिहिलं, 'गावी व्याख्यानमाला'. साहेब म्हणाले, "अहो, खरं कारण लिहा, रजा देतो." त्यांचा तरी काय दोष? डोंगराच्या माथ्यावर बेचाळीस घरं, गाडीरस्ता नाही, दुकान नाही, दवाखाना नाही, आणि दरवर्षी तीन दिवस पुण्या-मुंबईचे विद्वान दोन तास घाट चढून, धापा टाकत, आपल्या शाळेच्या अंगणात भाषण करायला येतात, हे ऐकणाऱ्याला थापच वाटणार. गुरुजींनी हे सुरू केलं तेव्हा गावातल्यांनाही थापच वाटली होती. एकशिक्षकी शाळेचे मास्तर ते, पण डोकं भलतंच तिरपागडं. म्हणायचे, "शहाणं व्हायला आपण खाली उतरलो तर नाचणी कोण लावील? शहाण्यांनाच वर बोलवू, जेवू घालू." चाकरमानी शिमग्याला गावी येतातच, ते तीन दिवस आधी आले की मांडव भरतो, असा त्यांचा साधा हिशेब. शाल-श्रीफळ नाही, पाहुण्याला जाताना नाचणीची पिशवी.

आणि नियम एकच. भाषण संपलं की पहिला प्रश्न गावाचा. मुंबईहून आलेल्याचा नाही, खालच्या बाजारपेठेतल्या वकील-डॉक्टरांचा नाही. जो बारा महिने डोंगरावर राहतो त्याचा. गावाने प्रश्न विचारल्याशिवाय पाहुण्याला ताट वाढायचं नाही. गुरुजी म्हणायचे की ज्याचं ऐकलं त्याला काही विचारलं नाही तर तो फुकट चढून आला. प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, पाहुण्याचं उत्तर, सगळं या वहीत लिहायचं. गुरुजी गेल्यावर वही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर कोर्टात टिकलेलं होतं.

तू मांडवात कधी बसली नाहीस. शाळेच्या मागच्या पडवीत तीन चुली मांडलेल्या असायच्या आणि तीनही दिवस तुझा मुक्काम तिथे. पावट्याची उसळ, कुळथाचं पिठलं, भात, भाकऱ्यांची चवड. मी लहान असताना तुझ्याशेजारी लाकडं सारायला बसतो आहे, पडवीच्या भिंतीत वर एक झरोका आहे, पलीकडे कुणीतरी तावातावाने बोलतंय, आणि तू भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवतेस. "गप रं," म्हणतेस, मी काहीच बोललेलो नसताना. मग पुन्हा थापायला लागतेस. घरी आल्यावर चार-चार दिवस तुझी धुसफूस चालायची. "त्यो चष्मेवाला बोलला ते समदं खरं नाय. त्यानं पाऊस बगितलाय तो खिडकीतनं." मला वाटायचं, ही बाई स्वतःशी बडबडते. बाबा तर म्हणायचे, हिला कामाने चक्कर येते.

गावाचा प्रश्न विचारायचे ते शेजारचे तात्या. आवाज असा की खालच्या वाडीत ऐकू जावा. आता वही उघडून बघतो तर पानामागून पान त्यांचंच नाव आहे. इतिहासाचे एक प्राध्यापक लढायांवर बोलले, तात्यांनी विचारलं, "एवढी फौज डोंगर चढली, तर तिच्या भाकऱ्या कोण भाजत होतं, ते कुठं लिवलंय का?" एक डॉक्टर आरोग्यावर बोलले, तात्या उभे राहिले, "बाईचं दुखणं बाई सांगत नाय. ते तुमी कसं वळखता?" डॉक्टर अर्धा तास उत्तर देत होते आणि पडवीत भात लावायचा थांबला होता. गावभर तात्यांचा रुबाब. मुंबईत घाटकोपरला आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची सभा भरली की कुणीतरी त्यांचे प्रश्न तोंडपाठ म्हणून दाखवायचं आणि आम्ही मांड्या थोपटायचो.

आता तो दिवस. मला तो लिहायचा नव्हता, म्हणून इतकं लांबण लावलं.

त्या वर्षी तात्या नव्हते. गुडघे गेले म्हणून दिवाळीत त्यांच्या मुलाने त्यांना कुर्ल्याला नेलं होतं. गावात घरं बेचाळीसच, पण दारं उघडी असलेली वीस-बावीस. मी सूत्रसंचालक, अंगात नवं जाकीट. पाहुणे एक प्राध्यापक, विषय 'खेडं जगलं पाहिजे'. बोलले झकास, मुंबईकरांनी खुर्च्यांवर बसून टाळ्या दिल्या. मी माईक हातात घेऊन म्हणालो, "पहिला प्रश्न गावाचा." सतरंजीवर गावचे लोक बसलेले, बहुतेक म्हाताऱ्या. कुणी हलेना. मी पुन्हा म्हणालो. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मागे चाकरमान्यांत कुजबुज सुरू झाली. असं कधी झालंच नव्हतं. तेवढ्यात शाळेच्या मागून तू आलीस. पदर खोचलेला, कपाळावर राख, आणि हातात पळी. ती खाली ठेवायचं तू विसरली होतीस. पळी बघूनच पोरं हसायला लागली होती.

तू सतरंजीच्या कडेला उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दादा, तुमी मगापासनं गाव गाव म्हणताय. मला येवढंच सांगा, किती मान्सं उरली म्हंजे गाव म्हणायचं, आन् कितीवर आलं की म्हणायचं नाय?"

प्राध्यापकांनी मान वर केली. त्यांनी तोंड उघडलं होतं, "बाई, हा फार..." एवढं ते म्हणालेही होते. आणि मी माईकवर म्हणालो, "पाहुणे, आमच्या आईच्या बोलण्याचा अर्थ एवढाच की भात निवतोय! चला, पानं मांडलीत." मांडव हसला. खूप हसला. खुर्च्या मागे सरकल्या, लोक हात धुवायला उठले. तू क्षणभर तिथेच होतीस. मग पळी पदराला पुसलीस आणि मागे गेलीस. त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्याला गावाच्या प्रश्नाशिवाय ताट वाढलं गेलं, आणि वाढलंस तूच. उसळ दोनदा विचारलीस सगळ्यांना, मलाही.

रात्री या वहीत मी नोंद केली, ती आज समोर आहे. 'गावातर्फे प्रश्न विचारला गेला नाही.' अक्षर सुरेख आहे. कोर्टात साक्षीदार अडखळला, रडला, काय वाटेल ते बरळला तरी ते कागदावर यायलाच हवं, यासाठी मी जन्मभर भल्याभल्यांशी वाद घातला. आणि सख्ख्या आईचं एक वाक्य गाळलं, तेही शाईने. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना प्राध्यापक मला म्हणाले, "तुमच्या आईंचा प्रश्न राहून गेला हो." मी म्हणालो, "सोडा हो सर, ती बोलते असंच काहीतरी."

तू त्यावर एकदाच बोललीस. शिमगा झाला, मी मुंबईला निघालो, तू पिशवीत चुलीत भाजलेले कांदे आणि भाकऱ्या घालत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "भात झाकलेला हुता रं. निवला नसता." बस. ना रागाने, ना रडून. त्यानंतरही दरवर्षी स्वयंपाक केलास, पण झरोक्याखालची चूल तू दुसऱ्या भिंतीला मांडलीस. "धूर लागतो," म्हणालीस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या वरच्या आळीतलं एकेक दार बंद होत गेलं आणि शेवटची दोन वर्षं तिथे तू एकटी. मी म्हणायचो मुलुंडला ये, तू म्हणायचीस, "मी आले की आळी सपली." श्रावणात खालच्या वाडीतल्या बाईला दोन दिवस तुझ्या छपरातून धूर दिसला नाही म्हणून ती वर आली. मी पोचलो तेव्हा तुला पडवीत निजवलं होतं आणि चुलीतल्या राखेवर मांजर झोपलं होतं. दिवसकार्य झालं, मी दाराला कुलूप घातलं. ते कुलूप मी अजून काढलेलं नाही. दरवर्षी व्याख्यानमालेला जातो आणि पाहुण्यांबरोबर शाळेत झोपतो. लोकांना वाटतं, मंडळाचा अध्यक्ष असून किती साधा माणूस.

तीन आठवड्यांपूर्वी घाटकोपरला सभा झाली. मंडळाचा सेक्रेटरी बोरिवलीला वाढलेला, कामाला वाघ, गावाची ओढ त्याला माझ्याहून जास्त. त्याने ठराव मांडला की यापुढे व्याख्यानमाला मुलुंडच्या हॉलमध्ये घ्यावी, कायमची. नाव गावाचंच, फलकावर डोंगराचा फोटो. मी म्हणालो, असं कसं? तर तो म्हणाला, "काका, चिडू नका ना. आता गावात सात माणसं आहेत. मागच्या वर्षी जेवण घाटाच्या पायथ्यापर्यंत टेंपोने आणलं आणि वर डोक्यावरून चढवलं. पहिला प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, मीच उठलो शेवटी, आणि तुम्ही वहीत 'ग्रामस्थ' लिहिलंत. मी कसला ग्रामस्थ, यार? आपण कोणाला फसवतोय? सात माणसांना गाव म्हणायचं का, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात दारातून चहा आणि वडे आले. आणि आये, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, "आधी वडे घ्या रे, निवतील." सगळे हसले. सेक्रेटरीही हसला. मी एकटा तसाच बसलो, कारण हसण्याच्या मागे, भिंतीपलीकडून, मला पातेल्यात पळी खरवडल्याचा आवाज आला. त्या सभेच्या हॉलला मागे स्वयंपाकघर नाही. मी उठून जाऊन बघितलं, मागे नुसत्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत.

तेव्हापासून तो आवाज गेलेला नाही. या घरातही येतो, सून कामावर गेली की. डॉक्टरला दाखवलं, कान साफ आहेत म्हणाला. ठरावावर मला एक महिना मागून घेता आला होता, म्हणून म्हटलं तात्यांना विचारू. नव्वदीला टेकलेत. कुर्ल्याच्या इमारतीत तळमजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर असतात, डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाजाने मला लगेच ओळखलं. ठराव सांगितला, तर म्हणाले, कुठंबी घ्या, मला कुठं चढायचं हाय. मग त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांचे प्रश्न काढले. फौजेच्या भाकऱ्या, बाईचं दुखणं. म्हटलं, "तात्या, तुमच्यासारखे प्रश्न आता कुणी विचारत नाही." म्हातारा खुदुखुदू हसायला लागला.

"माजं कसलं रं प्रश्न! मला त्यातलं काय कळतंय? तुजी आये पडवीतनं ऐकायची. भाषान सपत आलं की मी पानी प्यायला म्हनून मागं जायचो. ती सांगायची, मी पाठ करायचो, आन् येऊन उभा ऱ्हायचो. आवाज माजा हुता, येवढंच."

"सगळे?"

"समदे. तिनं शपथ घातली हुती, कुनाला सांगू नको म्हनून. बाईमानूस इचारतंय कळलं तर पावना उत्तर देनार नाय नीट, असं म्हनायची." मग म्हणाले, "मी हितं आलो, मंग माज्यामागं कोन इचारायचं रं तिचं?"

मी म्हटलं, "तीच विचारायची." खोटं बोललो असंही नाही. एकदा विचारलंसच की. त्यांच्या सुनेने चहा दिला, तो मी गरम गरमच प्यालो आणि जीभ पोळून घेतली.

घरी येऊन वही पहिल्या पानापासून वाचली. तात्यांच्या नावाखाली तूच तू. भाकरी थापताना थांबलेला तुझा हात मला प्रत्येक पानावर दिसला. पस्तीस वर्षं तू या डोंगराच्या वतीने शहाण्या माणसांना प्रश्न विचारत होतीस, आणि जेव्हा तुझ्याकडे उसना आवाज राहिला नाही तेव्हा स्वतःच्या आवाजात एकदाच विचारलंस. तो मी माईकवर खाल्ला. मी तुझ्यावर फार अन्याय केला, आये. हे वाक्य इतकं साधं आहे की लिहायला अकरा वर्षं का लागावीत ते मला कळत नाही.

मघाशी, हे पत्र मध्येच थांबवून, मी त्या जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली तुझा प्रश्न तू बोललीस तसाच लिहिला. विचारणाऱ्याच्या जागी तुझं नाव लिहिलं. उत्तराची जागा कोरी आहे. मग पत्रिकेच्या नमुन्यावर 'स्थळ' पुढे गावाचं नाव घातलं, 'शाळेचे अंगण' असं लिहिलं, आणि फोटो काढून सेक्रेटरीला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "काका, नक्की ना? जेवणाची वाट लागेल. टेंपोवाला नाही म्हणालाय."

"स्वयंपाक मी करीन. चार दिवस आधी वर जातो."

"तुम्ही? तुम्हाला येतं काय?"

"पिठलं-भात येतो. आणि हे बघ, यंदा माईक तू धर. मी सतरंजीवर बसणार."

तो मग म्हणाला, "म्हणजे पहिला प्रश्न तुम्ही विचारणार? पण काका, तुम्ही तर मुलुंडचे."

बरोबरच बोलला. चार दिवसांत माणूस गावचा होत नाही. सात की आठ, ते तिथे गेल्यावर कळेल. ठराव रद्द झालेला नाही, अध्यक्ष म्हणून मी तो नुसता वर्षभर पुढे ढकलला आहे, आणि पुढच्या वर्षी सात आहेत ते तरी असतील का, देव जाणे. मी एवढंच ठरवलंय की या वर्षी पाहुणा तुझ्या प्रश्नाला काहीतरी म्हणेपर्यंत पान वाढायचं नाही, मग तो उपाशी घाट उतरला तरी चालेल. घराची किल्ली कपाटातून काढून ठेवली आहे. तिला गंज धरलाय, तेलात बुडवली आहे. खरं सांगतो, दार उघडायची मला भीती वाटते. आत कुणी नसेल याची वाटते, की असेल याची, हे मला सांगता यायचं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वहीत ठेवावं म्हटलं तर मंडळातली पोरं वाचतील, आणि एक गोष्ट त्यांना कळायला नको आहे. सगळ्यांना आजवर वाटत आलंय की त्या दिवशी मला तुझी लाज वाटली, पळीची, राखेची. तुलाही तसंच वाटलं असेल. तसं नव्हतं, आये. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात मुलुंडच्या या घराची किल्ली होती. आदल्याच आठवड्यात ताबा मिळाला होता. रिटायर झालो की वर राहायला येतो असं मी तुला बोललो होतो आणि ते आता होणार नाही हे सांगायला तीन दिवस वेळ शोधत होतो. प्रश्न विचारताना तू पाहुण्यांना दादा म्हणालीस, पण बघत माझ्याकडे होतीस. मला प्रश्न लगेच कळला. आणि मांडवात उभा राहायच्या आधी मी पडवीत डोकावून आलो होतो. भातावर झाकण होतं, झाकणावर निखारे होते. तो निवणार नव्हता, हे मला माहीत होतं.